पंधरा वॅटचा डबा

कॅम्प दोन, भिलाई
८ नोव्हेंबर १९६४

माणिक,

अक्षर ओळखलं असशील. फाडायच्या आधी चार ओळी वाच, मंग फाडजो. कामाचं पत्र आहे, भांडणाचं नाही.

साडेचार वर्षांत मी तुले पत्र टाकलं नाही, तू मले टाकलं नाही. गोंदिया इथून कितीक दूर? सकाळची पॅसेंजर धरली तं जेवणाच्या वेळेले माणूस पोचते. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपल्या घराचं लक्षणच आहे. सख्खे भाऊ ना आपण, तुह्यात आहे तसं माह्यातही आहे. जाऊ दे.

काम असं आहे. माह्या ओळखीच्या एका माणसाकडे विलायतेतून आणलेले दोन स्पीकर आहेत. मंडपात बांधतो तसे भोंगे नाहीत, अन् रेडिओत असते तसा कागदाचा द्रोणही आत नाही. उभे, चपटे, जाळीच्या खिडकीसारखे. दोघायलेही भिंतीतून वेगळी वीज द्यावी लागते. आत पतंगाच्या कागदाहून पातळ पडदा आहे अन् तो पडदाच गाते. इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणतात त्याले. सोबत आलेला अॅम्प्लिफायर बोटीतल्या ओलीनं बिघडला होता, इथं लावल्यावर आठ दिवसांत त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. आता त्याच्या जागी कोणता जमन, हे भिलाईत कोणाले सांगता येत नाही. कारखान्यातल्या रशियन लोकायले विचारलं तं ते हसले. म्हणाले, आमी मिल बसवतो, गाणं नाही.

जळायच्या आधी मी एकदा ऐकलं होतं. सतारीची रेकॉर्ड होती. माणिक, तार वाजायच्या आधी नखी तारेले टेकते ना, तो आवाज ऐकू आला रे. मले तूच आठवला. तुमसरले खाटेवर उताणा पडून एका कानाले इअरफोन लावून बसायचा अन् मी काही बोललो की म्हणायचा, 'दादा, चूप. बाई श्वास घेऊन राहिली ते ऐकू येऊन राहिलं.'

तं अॅम्प्लिफायर कोणता घ्यावा, किती वॅटचा, कोणते वॉल्व्ह, एवढं लिहून कळव. यायची तसदी घेऊ नोको. पत्रानंच भागते. माही इथं धावपळ आहे, जानेवारीत फोरमनची यादी लागणार आहे अन् माहं नाव त्यात आहे असं म्हणतात.

कलावती बरी आहे. तुहं लग्न झाल्याचं कानावर आलं, वच्छलाले आशीर्वाद.

मारोतराव


कॅम्प दोन
१९ नोव्हेंबर १९६४

माणिक,

तुहं कार्ड आलं. माह्या नावानं नाही, 'सौ. कलावतीवहिनी यांस' म्हणून आलं. पोस्टमननं हाक मारली तं ती पदराले हात पुसत धावत गेली अन् दारातच वाचत उभी राहिली. मले म्हणते, 'माहं पत्र आहे, तुम्ही कावून हात पुढं करता?' बरं बाबा. तू वहिनीले लिही, मी तिच्या खांद्यावरून वाचीन. मोठा भाऊ असून हीही गंमत पाहून घेतली.

तू लिहिलेलं मी तीनदा वाचलं. हा स्पीकर म्हणजे खरं पाहता वीज साठवून ठेवणारा कपॅसिटरच आहे, हे माह्या डोक्यात आलंच नव्हतं. बारीक सुरांवर तो खूप करंट ओढते अन् साधा अॅम्प्लिफायर त्यानं बिथरते, कोणाले ऐकू न येणारी शिट्टी स्वतःच मारत बसते अन् आपलेच वॉल्व्ह जाळून घेते, हे वाचून तं मी थक्क झालो. अन् गरजेपेक्षा मोठा लावला तं पडद्यातून ठिणगी जाते. पंधरा वॅट, ट्रान्सफॉर्मर उत्तम, कमी नको अन् जास्त तं मुळीच नको. हे शेवटचं तू दोनदा अधोरेखित केलं. माह्यावर एवढा अविश्वास?

कारखान्यात आमचं उलटं असते, तुलेही ठाऊक आहे. मोटर निवडायची तं हिशोबापेक्षा एक नंबर वरची घ्यायची. मोठी मोटर कधी कोणाच्या अंगावर आली नाही.

तुह्या प्रश्नांची उत्तरं. जुना अॅम्प्लिफायर पंधराच वॅटचा होता. त्यात दोन मोठे वॉल्व्ह आहेत, ते चांगले आहेत. खोली आपल्या तुमसरच्या पडवीएवढी. दोन्ही स्पीकर ठीक आहेत.

मालक कोण, हे विचारून तुले काय करायचं आहे? माणूस चांगला आहे, एवढं पुरे.

मारोतराव


कॅम्प दोन
२९ नोव्हेंबर १९६४

माणिक,

घरभेदी लंका दहन म्हणतात ते खोटं नाही. माह्या मागं कलावतीनं तुले लिहिलं की स्पीकर विद्याधर साहेबाचे आहेत. मी चिडलो. ती म्हणते, 'तुम्ही लपवलं म्हणून मी सांगितलं. लपवायसारखं काय होतं त्यात?'

हो, साहेबाचेच आहेत. दुर्गचे आपले विद्याधर साहेब. तुह्या चौकशीवर ज्यायनं सही केली, तेच. दोन वर्षं विलायतेले होते, आता सेक्टर १० मध्ये राहतात. साहेबानंच मले म्हटलं, 'मारोतराव, तुमचा तो भाऊ रेडिओचं काम जाणायचा ना? उसको पूछिए.' त्यायच्या मनात काही नाही, सरळ माणूस आहे. मले मात्र नाही म्हणता आलं नाही, अन् हो म्हटल्यावर झोप उडाली.

तरी तू काम घेतलं. कलावतीले लिहिलं की, 'कोणाचे का असेनात, वस्तूवर राग नाही. तयार अॅम्प्लिफायरपैकी एकही याले जमणार नाही, मीच बांधून देतो. जुने वॉल्व्ह पाठवा. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायले महिना लागन, उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत, डाव्यानं गुंडाळावं लागते.'

वाचलं. वॉल्व्ह कापसात बांधून पार्सलनं पाठवले आहेत, सांभाळून उघडजो.

पण महिना फार होते रे. रविवारी, ६ तारखेले, साहेबाकडे पाहुणे आहेत, मोठे लोक आहेत, अन् त्यायच्या पत्नीनं, सुहासिनीबाईनं, सगळ्यायले सांगून ठेवलं आहे की आमच्याकडे पडदे गातात. साहेबानं मले विचारलं, जमन का? अन् मी म्हटलं, जमवतो. आता जमवलं नाही तं मारोतराव तोंडाचा पाटील ठरते, अन् यादी तं जानेवारीतच आहे.

चंपत मंडपवाला माहीत आहे ना, पॉवर हाउसच्या बाजारातला? त्याच्याकडे पन्नास वॅटची मशीन आहे. म्हणते, 'भाऊ, पूरा मैदान हिलते हिच्यानं.' तेवढ्या एका संध्याकाळपुरती लावतो. तू अधोरेखित केलेलं माह्या ध्यानात आहे. कळ थोडीशीच फिरवीन. घोडा ताकदवान असला म्हणून त्याले पळवलाच पाहिजे असं थोडंच आहे?

मारोतराव


कॅम्प दोन
७ डिसेंबर १९६४

माणिक,

कालचा कार्यक्रम झाला. ठीक झाला. मशीननं थोडी कुरकुर केली म्हणून लवकर बंद केली. पाहुणे जेवून गेले. विशेष काही नाही.

एक विचारायचं होतं, सहजच. अशा स्पीकरच्या जाळीमागून निळा उजेड दिसला अन् त्यानंतर त्यातून आवाज आला नाही, तं तो कायमचा गेला समजायचं का काही करता येते? कोणाचा गेला असं नाही. माहिती असलेली बरी.

अॅम्प्लिफायरच्या डब्याची घाई करू नोको. सावकाश होऊ दे.

मारोतराव


कॅम्प दोन
९ डिसेंबर १९६४

माणिक,

परवाचं पत्र खोटं होतं. तुले ते वाचताच कळलं असन. आज सगळं लिहितो. कलावती समोर बसली आहे अन् म्हणते, पूर्ण झाल्याशिवाय उठू नका.

चंपत हातगाडीवरची मशीन साहेबाच्या दाराशी उतरवून लग्नाच्या मंडपाले पळाला. मी एकट्यानंच जोडली. पाहुणे बसले. रेकॉर्ड लागली अन् दोन मिनिटं असं वाजलं की बोलणारे गप झाले. माही छाती फुगली, खोटं कावून सांगू? मंग एक पाहुणे म्हणाले, आवाज थोडा वाढवा ना. मी कळ फिरवली. थोडीशीच रे माणिक, एका बोटानं. डाव्या स्पीकरमध्ये चट् झालं, जाळीमागं निळी रेघ पळाली अन् तो मुका झाला. अति तिथं माती. तू दोनदा रेघ ओढली होती अन् मी मोटरीचं शहाणपण शिकवत बसलो.

पण पत्र त्यासाठी नाही.

मी सगळ्या पिना भिंतीतून काढल्या. मागचं झाकण उघडलं, काय जळलं ते पाहावं म्हणून. खोलीत जळका वास होता. तो वास तुले सांगायची गरज नाही. तितक्यात सुहासिनीबाई फडकं घेऊन आल्या. म्हणाल्या, 'धूळ बसलीय हो इथे,' अन् त्यायनं हात आत घातला.

मी ओरडलो. 'हात मागं घ्या!' असा ओरडलो की त्यायच्या दुसऱ्या हातातली कपबशी खाली पडून फुटली. बाहेर बसलेला ड्रायव्हर धावत आला. मी त्यायच्या अन् स्पीकरच्या मधात दोन्ही हात पसरून उभा राहिलो. साहेब म्हणाले, 'अरे, बंद केलं ना तुम्ही?' मी म्हटलं, 'साहेब, बंद केलं म्हणजे मेलं नाही. पाच-सहा हजार व्होल्ट बसून आहेत आत.' मंग मी मोरीच्या नळाले तार बांधली, लाकडी काठीच्या टोकाले दुसरं टोक बांधलं अन् दुरून टेकवलं. पिना काढून दहा मिनिटं झाली होती. तरी चट् झालं.

पाहुण्यायसमोर साहेबानं माह्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, 'यांना म्हणतात इलेक्ट्रिकचा माणूस. त्या वेळच्या चौकशीत मी यांच्या एका शब्दावर सही केली होती, उगाच नाही.'

लोक वाहवा करून राहिले अन् मी मान खाली घालून फुटलेल्या बशीचे तुकडे वेचून राहिलो.

१४ मे १९६०. मी तुले काय सांगू, तू तिथं होता. पण मी कधी तोंडानं म्हटलं नाही, म्हणून आज लिहितो. नियम तुलेही पाठ होता अन् मलेही. लाइन देणाऱ्यानं स्विच पाडायचा, अर्थिंगची सळई लावून राहिलेली वीज जमिनीत उतरवायची, कुलूप घालायचं, चावी खिशात ठेवायची अन् सही केलेला कागद घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. लाइन क्लिअर, म्हणजे तार मेली आहे, आता खुशाल हात लाव. कागद हातात आल्याशिवाय कोणी तारेले बोट लावत नाही. परक्या माणसाले मी कागदाशिवाय कधी लाइन दिली नाही. तुलेच दिली. तू म्हटलंही होतं, 'दादा, कागद?' अन् मी हसलो होतो. म्हटलं, 'घरच्या माणसाले काय कागद द्यायचा बे? घे, दिली.'

स्विच पाडला होता. कपॅसिटरले सळई लावली नव्हती. सळई दुसऱ्या टोकाले होती अन् वरचे लोक घाई करून राहिले होते, मिल चालू व्हायची तारीख जवळ होती. माह्या मनात आलं होतं, आणून लावावी. मनात आलं होतं, माणिक. मी आणली नाही.

तू जळलेला हात घेऊन दवाखान्यात होता तेव्हा चौकशी झाली. साहेबानं विचारलं, 'लाइन दिली होती का?' कागद नव्हता. मी म्हटलं, 'नाही, साहेब. पोरानं घाई केली.' एवढं एकच वाक्य. मनात म्हटलं, तू लहान आहेस, एकटा आहेस, तुले दुसरीकडे काम भेटन, माह्यावर घर आहे. त्या वाक्यानं तुही नोकरी गेली, अन् वर ठपका की बेपर्वा आहे. तू दवाखान्यातून निघाला तेव्हा हाताले पट्टी होती. माह्या दाराशी आला, कलावतीच्या पाया पडला, माह्याकडे पाहिलं नाही अन् स्टेशनले गेला. साहेबाकडे जाऊन तू माहं नाव घेतलं नाही. साडेचार वर्षं मी याच भीतीत आहे की कधी घेशील. म्हणूनच लिहिलं होतं ना, यायची तसदी घेऊ नोको. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्या बाईसाठी माह्या तोंडून आवाज निघाला. तुह्यावेळी कुठं गेला होता तो? तू तं माह्या भरवशावर हात घातला होता.

कलावतीले मी हे काल सांगितलं. तिलेही ठाऊक नव्हतं. तिनं रात्री भाजी गरम केली नाही अन् मले वाढलंही नाही. आज सकाळी फक्त एवढं म्हणाली, लिहा.

डबा करत नाही म्हटलंस तरी मी समजून घेईन.

मारोतराव


कॅम्प दोन
२१ डिसेंबर १९६४

माणिक,

तुहं कार्ड शुक्रवारी आलं. या वेळी माह्या नावानं आलं, तं मले वाटलं शिव्या असतील. शिव्या असत्या तं बरं झालं असतं.

'डबा तयार आहे. जोडायले मी स्वतः येईन. लाइन कोण देणार?'

तीन वाक्यं. तीन दिवस मी ती खिशात घेऊन हिंडून राहिलो. कामावर तीनदा काढून वाचलं. पोरायले काम समजावता समजावता मधातच थांबलो, त्यायले वाटलं मले चक्कर आली.

मी तुले समजलो, न समजल्याचं सोंग करत नाही. तू त्या घरात पाय ठेवशील तं साहेबासमोर ठेवशील, अन् साहेबाच्या नजरेत तू अजून तोच बेपर्वा पोरगा आहेस. मी गप बसून तुह्या हातून डबा जोडून घ्यावा अन् वर शाबासकी खावी, हे तुले चालणार नाही. चालूही नये.

पण माणिक, एक ऐक. साहेब जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दौऱ्यावर जाणार आहेत. तेव्हा येशील तं घरात फक्त बाई असतील, काम होऊन जाईल, कोणी काही विचारणार नाही...

हे वरचं लिहिलं अन् कलावतीले वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, 'साडेचार वर्षांत तुम्ही एवढंच शिकले?' मी ते खोडणार होतो. खोडत नाही, राहू दे. तुह्या भावाची खरी लायकी तुले दिसली पाहिजे.

मी कालपासून दोनदा सेक्टर १० ले गेलो. एकदा फाटकापासून परत आलो. दुसऱ्यांदा साहेब बाहेरच उभे होते, झाडाले पाणी घालत. म्हणाले, 'काय मारोतराव, डबा आला का?' मी म्हटलं, 'येणार आहे, साहेब,' अन् सायकल वळवली. बावन्न वर्षांचा घोडा झालो अन् फाटकावरून पळ काढतो. सांगितलं तं फोरमनकी गेली, हे तं नक्कीच. नोकरीही जाऊ शकते. रिटायर व्हायले सहा वर्षं आहेत. क्वार्टर गेला तं आमी दोघं कुठं जावं, हे रात्रंदिवस डोक्यात फिरते.

भीती वाटते रे. तुले नाही तं कोणाले सांगू?

दादा


कॅम्प दोन
२७ डिसेंबर १९६४, रविवार

माणिक,

सांगितलं.

आज सकाळी नऊ वाजता गेलो. कलावती सोबत आली, फाटकाबाहेर सायकल धरून उभी राहिली. म्हणाली, 'परत वळाल तं मी आत जाईन.' साहेब पेपर वाचत होते. दोन्ही स्पीकर भिंतीशी उभे, त्यायच्यावर सुहासिनीबाईनं चादर टाकली होती. मी बसलो नाही. मी म्हटलं, 'साहेब, डबा तयार आहे. माणिक स्वतः आणणार आहे. पण तो येण्याआधी तुमाले एक सांगायचं आहे. चौदा मे साठच्या दिवशी लाइन मी दिली होती. तोंडी दिली होती. सळई लावली नव्हती. चौकशीत मी खोटं बोललो.'

वाक्यं मी घरून पाठ करून गेलो होतो.

साहेबानं पेपर घडी केला. पुन्हा उघडला अन् पुन्हा घडी केला. विचारलं, 'आज का सांगता हे?' मी म्हटलं, 'तो विचारून राहिला की लाइन कोण देणार. खोट्या माणसाच्या हातून तो आता घेणार नाही, साहेब.'

मले वाटलं आता हाकलतात. मंग म्हणाले, 'मी त्या मुलाला दवाखान्यात भेटायला गेलो नाही. दोन पावलांवर होता. तुमचं ऐकलं, सही केली, घरी येऊन जेवलो.' त्यायचा चेहरा पाहवत नव्हता. मी समजत होतो की पाप माहं एकट्याचं आहे.

यादीतलं माहं नाव ते काढणार. तसं त्यायनं तोंडावर सांगितलं, गुळमुळीत ठेवलं नाही. उद्या मी सगळं लिहून द्यायचं आहे, दोन प्रती, एक वर जाईल. पुढं काय होईल ते त्यायच्याही हातात नाही. तुह्या नावावरचा ठपका काढायसाठी ते स्वतः लिहिणार आहेत. नोकरी परत मिळन असं त्यायनं कबूल केलं नाही, अन् मीही तुले खोटी आशा दाखवत नाही. निघताना सुहासिनीबाई दाराशी आल्या. म्हणाल्या, 'तुमच्या भावाला म्हणावं, जेवायला इथेच यायचं.'

बाहेर आलो तं कलावतीनं माह्या तोंडाकडे पाहिलं अन् काही न विचारता सायकल पुढं केली. आज तिनं भाजी गरम केली. पहिल्यांदा पोटभर जेवलो. भीती गेली असं समजू नोको, ती इथंच बसून आहे. पण आता ती उद्याची भीती आहे. ती जुनी होती ना, साडेचार वर्षांची, ती तेवढी गेली.

रविवारी, ३ जानेवारीले ये. दुर्गले उतरजो. डबा जड असन, तू एकट्यानं उचलू नोको, मी गाडीच्या डब्यापाशी येतो. डावा स्पीकर मेला आहे का नुसता रुसला आहे ते तूच पाहशील. एकच वाजला तं एक. साहेब म्हणतात, एकही चालन.

मी सकाळीच जाऊन पिना काढून ठेवीन. सळई या वेळी कारखान्यातून मागून आणली आहे, खरी, तांब्याच्या टोकाची. दोन्ही स्पीकरले लावीन, तू आल्यावर तुह्यासमोर पुन्हा लावीन. अन् सोबत हे दोन कागद जोडले आहेत, वाचून घे.

लाइन क्लिअर
दिनांक: १४ मे १९६०
देणारा: मारोतराव
घेणारा: माणिक
स्विच पाडला. अर्थिंग केलं नाही. कागद दिला नाही. दोष देणाऱ्याचा.
सही: मारोतराव

लाइन क्लिअर
दिनांक: ३ जानेवारी १९६५
देणारा: मारोतराव
घेणारा: माणिक
दोन स्पीकर, सेक्टर १०. वीज तोडली. अर्थिंग केलं. काम संपेपर्यंत देणारा जागेवर उभा राहील.
सही: मारोतराव

घेणाऱ्याच्या सहीची जागा दोन्हीवर कोरी ठेवली आहे. डाव्या हातानं केली तरी चालते.

दादा